कारण : चुकून

पर्वरीच्या या खोलीला खिडकी नाही.
बाहेर वारा किती आहे ते मला कळतं
लोकांच्या खिशांतून.

पॉवरचं बटण तीनदा दाबलं गेलं
की फोन आम्हाला लागतो.
दाबायला माणूसच हवं असं नाही,
जीन्सचं घट्ट कापड पुरतं, किल्ल्यांचा जुडगा पुरतो,
म्हापशाच्या बाजारात पिशवीतला नारळ कलंडला तरी पुरे.

"एकशे बारा, उलयात."
पलीकडे चणकाची खवलं निघत असतात.
तीनदा विचारायचं असा नियम आहे.
तेवढ्यात मासा साफ होतो, भाव तुटतो,
कुणाची तरी सून कशी आहे याचा निकाल लागतो.

जुवारीच्या पुलावरचा वारा मी आता ओळखते,
मांडवीवरच्यापेक्षा जाड असतो.
बाळ्ळीचा एक टिपरवाला फोनवर बसूनच गाडी हाकतो,
पहाटे चारला गातो,
अंतरा रोज चुकतो.
तीनदा विचारून झाल्यावरही मी कधीकधी
अंतऱ्यापर्यंत थांबते.

मग रकान्यात लिहायचं, कारण : चुकून.

एकदा नुसता पंखा ऐकू आला.
पंखा, आणि त्याच्या अलीकडे कुणीतरी धरून ठेवलेला श्वास.
तीनदा विचारलं. चौथ्यांदाही.
उलट फोन केला तर पुरुषाचा आवाज,
अगदी सभ्य : चुकून लागला हो, मॅडम.
मी गाडी पाठवली.
गाडीतल्यांनी काय पाहिलं
ते माझ्या रकान्यात येत नाही.
माझ्याकडे अजून तेच आहे,
कारण : चुकून.

एस्पेरान्स माय चुकून फोन करत नाही.
दर शनिवारी, आठला पाच कमी असताना,
दिवाडीहून :
"फोन चलता?"
"चलता, माय."
"बरें."
संपलं.
मुलगा स्विंडनला असतो, त्यानं सांगितलंय,
ममा, अधूनमधून तपासून बघ.
तो त्याच्या नंबराबद्दल बोलत होता
की आमच्या, हे तिनं विचारलं नसावं.

फळदेसाई साहेब म्हणाले, म्हातारीला समज द्या,
ही लाइन तपासायची नसते, एखाद्याचा जीव अडतो.
मी समज दिली. नियमातली सगळी वाक्यं वापरली.
तिनं शांतपणे ऐकून घेतली,
म्हणाली, "म्हणजे चलता,"
आणि ठेवला.

ऑगस्टातल्या त्या शनिवारी
दुपारपासून दिवाडीच दिवाडी :
बेटावर गोळीबार चाललाय (दिल्लीचे पाहुणे;
बोंदेरांतली पोरं बांबूच्या नळीतून फळं उडवत होती),
पोर हरवलं, पोर सापडलं,
फेरीबोटीत कुणाचा तरी पाय,
पुन्हा गोळीबार.
आठला पाच कमी.
आठ.
सव्वाआठ.

न आलेल्या फोनला रकाना नाही.
तीनदा कुणाला विचारायचं?

साडेआठला मी जिन्यात गेले
आणि स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या पैशांनी
तिचा नंबर फिरवला. तो मला पाठ आहे
हे तेव्हाच कळलं.
वाजला. खूप वाजला.
मग एकदम ब्रास बँड, माणसं, कुणीतरी खोकून हसणारं,
आणि त्या सगळ्यातून ती :
"कोण गो?"
मला नाव सांगता येईना.
तीन वर्षं मी तिच्यासाठी नुसता एक आकडा होते.
"कांय ना, माय. हांव... एकशे बारा."

बँड वाजत राहिला.
मग ती खिदळली असावी, किंवा तो बँडच असेल,
आणि मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं,
बहिऱ्याशी बोलावं तसं,
"चलता गो! चलता!"
आणि ठेवला.

वर आले. हेडफोन चढवला.
पंधरा मिनिटं जागेवर नव्हते
त्याचं कारण लिहायचं होतं.
लिहिलं : तपासणी.
साहेबांनी सही केली, कसली ते विचारलं नाही.

एवढ्यात लाइन पेटली.
"एकशे बारा, उलयात."
कुठल्यातरी खिशात
कुणीतरी जिना उतरत होतं, सावकाश,
किल्ल्या वाजत होत्या.